बिनतारी आज्ञा

अलिबाबाच्या गोष्टीतील गुहा तुम्हांला आठवत असेल. तिच्यापुढे उभे राहून परवलीचा शब्द उच्चारला, की दगडी दार आपोआप उघडे. शब्द बोलणारा एकीकडे, हलणारे दार दुसरीकडे आणि मध्ये ना दोरी, ना साखळी! आज हा चमत्कार घरोघरी चालतो आणि कोणी मान वळवूनही त्याकडे पाहत नाही. खाटेवर बसून आपण दूरचित्रवाणीचा संच चालू करतो. वर्गातले गुरुजी फळ्याजवळ न जाता खिशातील मोबाइलवर बोट फिरवतात आणि संगणकाने भिंतीवर टाकलेले चित्र बदलते.

ही दोन्ही कामे वरवर सारखी दिसली, तरी त्यांच्यात एक मोठा भेद आहे. दूरचित्रवाणीच्या रिमोटमधून बहुधा अवरक्त किरण निघतात. ते प्रकाशाचेच भाऊबंद, पण आपल्या डोळ्यांना न दिसणारे. मोबाइलचा कॅमेरा चालू करून त्याच्यासमोर रिमोटची कळ दाबून पाहा; अनेक कॅमेऱ्यांत रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिणगी लुकलुकताना दिसते. हे किरण भिंत ओलांडत नाहीत. मोबाइल मात्र संगणकाशी बोलतो तो रेडिओलहरींनी. वायफाय आणि ब्लूटूथ या व्यवस्थांत ज्या लहरी सर्रास वापरतात, त्या एका सेकंदात सुमारे २४० कोटी वेळा स्पंदन पावतात आणि घराच्या साध्या भिंतीतून पार जातात.

रेडिओलहरींकडून दूरचे काम करवून घेण्याचा मान आपल्या देशाकडेही जातो. जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ साली कलकत्त्यात जाहीर प्रयोग करून दाखवला. त्यांनी सोडलेल्या अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पोहोचल्या आणि तेथे ठेवलेली घंटा वाजली. पुढे १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्क येथे पाण्यातली एक लहानशी नाव दुरूनच वळवून दाखवली.

आता मोबाइल संगणकाला आज्ञा कशी देतो, ते पाहू. त्यासाठी दोहोंवर एकमेकांना जाणणारा कार्यक्रम असावा लागतो. केडीई कनेक्ट हा असा एक विनामूल्य कार्यक्रम आहे. मग दोन्ही यंत्रे एकाच वायफायला जोडतात. यासाठी इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही. मोबाइलच्याच हॉटस्पॉटला संगणक जोडला, तरी काम भागते. म्हणून रेंज नसलेल्या वाडीवरच्या शाळेतही हे जमते. काचेवर आपले बोट सरकले, की ते उजवीकडे किती आणि खाली किती गेले हे मोबाइल मोजतो व तेवढे आकडे संगणकाला कळवतो. संगणक आपल्या पडद्यावरील बाण तितकाच सरकवतो. बोट मोबाइलवर फिरते, पण आपली दृष्टी असते संगणकाकडे. आपण पुरेसे सरकलो की नाही, हे डोळे सांगतात आणि हात थांबतो. ही लहर प्रकाशाच्या वेगाने धावते. दहा मीटर लांबीची खोली ओलांडायला तिला सेकंदाचा तीन कोटींवा भाग पुरतो. बाण कधी अडखळला, तर तो दोष लहरीचा नव्हे; निरोप बांधण्यात आणि सोडवण्यात यंत्रांचाच वेळ जातो.

येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की लहर भिंतीपार जाते, तर शेजारच्या खोलीतला कोणीही आमचा संगणक हलवू शकेल काय? शंका रास्त आहे. अलिबाबानेदेखील चोरांचा परवलीचा शब्द झाडावर लपून ऐकला होता. म्हणूनच प्रथम दोन्ही यंत्रांची ओळख पटवावी लागते. मोबाइलने विनंती करायची आणि संगणकापाशी बसलेल्याने ती मान्य करायची. त्यानंतर दोघांत जे बोलणे होते, ते सांकेतिक असते. मधल्या मध्ये कोणी ऐकले, तरी त्याला अर्थबोध होत नाही.

संगणकावरचे चित्र चुकून पुढे गेले, तर मागे आणता येते. पण हीच युक्ती विहिरीवरच्या मोटारीला लावली म्हणजे?

हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. औंढा, सेनगाव, कळमनुरी, वसमत, कोठेही जा. हळद, ऊस, गहू यांना पाणी द्यायचे तर कृषिपंप चालावा लागतो, आणि शेतीची वीज काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री मिळायची, ही रीत मराठवाड्यात वर्षानुवर्षे चालत आली. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ साली सौर कृषिवाहिनी योजना सुरू केली, ती यामुळेच. रात्री वीज आली, की शेतकऱ्याने अंथरुणातून उठायचे, विजेरी घेऊन बांधाबांधाने जायचे, पायांखाली चिखल, गवतात विंचूकाटा, आणि ओल्या हाताने स्टार्टरची कळ दाबायची. तेवढ्यात वीज गेली, की आल्या वाटेने परत!

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी यावर ‘नॅनो गणेश’ नावाचे उपकरण तयार केले. ते स्टार्टरला जोडतात. शेतकरी घरून मोबाइलवर त्याला फोन लावतो, ठरावीक अंक दाबतो आणि मोटार सुरू होते. मला त्यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. वीज आहे की नाही, मोटार चालू झाली की बंद, हेही ते उपकरण फोनवरच्या आवाजातून उलट कळवते. वर्गात हे काम आपले डोळे करतात. दोन कोसांवरची विहीर मात्र डोळ्यांना दिसत नाही. विहिरीत पाणी नसताना मोटार कोरडी फिरत राहिली, तर ती जळते, आणि ती पुन्हा भरून घेण्याचा खर्च हंगामातच अंगावर येतो.

याहून स्वस्त असा एक उपाय पुष्कळ ठिकाणी आढळतो, तो म्हणजे वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच. त्यात फोन नाही, निरोप नाही, कोणाला विचारणे नाही. वीज आली, की शिवारातल्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. तो सगळा भार रोहित्रावर, म्हणजे गावकरी ज्याला डीपी म्हणतात त्यावर, एकदम पडतो व ते जळते. मग गावाच्या गाव अंधारात! ऑटोस्विच काढा, असे वीज मंडळी वारंवार सांगतात, ते याच कारणाने. मोबाइलने मोटार चालवणारा निदान थोडे थांबून आपली पाळी पाहू शकतो.

आणखी एक धोका आहे. घरून कळ दाबणाऱ्याला विहिरीवर त्या घटकेला कोण आहे, हे दिसत नसते. भावाने पेटी उघडून तारेला हात घातलेला असेल आणि इकडे घरात कोणी मोटार चालू करील, तर अनर्थ होईल. अशा वेळी घरी फोन करून ‘चालू करू नका’ असे सांगणे पुरेसे नव्हे. जाणता माणूस दुरुस्तीपूर्वी मुख्य खटका स्वतः खाली ओढतो, फ्यूज काढून खिशात घालतो, टेस्टर लावून तारेत वीज नसल्याची खात्री करतो आणि मगच पान्याला हात लावतो. फ्यूज खिशात असेतोवर घरून कोणी कितीही अंक दाबले, तरी मोटार हलत नाही.