फ्रिज थंड का होत नाही?

तुमच्या मोहल्ल्यात दूध-दह्याचे एखादे दुकान असेलच. तिथे काचेच्या दाराचा उंच फ्रिज असतो. मे महिन्यातल्या दुपारी तुम्ही ताक घ्यायला जाता. पाहता तर काय, दुकानदार काळजीत बसलेला! फ्रिज चालू आहे, आतला दिवाही लागतो आहे. पण दूध कोमट आहे. दूध नासले तर त्याची दिवसाची कमाई गेली. तसे दूध कोणाच्या पोटात गेले तर आजारपण आले. अशा वेळी काय पाहावे?

आधी एक गोष्ट समजून घ्या. फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. चालू फ्रिजच्या मागे किंवा खाली गरम हवा लागते, ती त्यामुळेच. म्हणून उष्णता कुठे अडली किंवा बाहेरून कुठून आत शिरली, हे शोधायचे.

सर्वांत जास्त त्रास धूळ देते. उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला कंडेन्सर म्हणतात. दुकान रस्त्यालगत असेल तर ही जाळी धुळीने भरून जाते. मोठ्या माणसाने प्लग काढून मऊ ब्रशने ती झाडावी. फ्रिज भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नये.

मग दाराची रबरी पट्टी पाहा. दारात दहा रुपयांची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. ती सहज निघाली तर तिथे पट्टी सैल आहे. ही परीक्षा दाराच्या चारही बाजूंनी करा.

लग्नसराईत दुकानदार फ्रिज ठासून भरतात. आतल्या पंख्यासमोर पिशव्यांचा ढीग लागला की हवा खेळत नाही. वरचे दही गोठते आणि खालचे दूध कोमट राहते! बिचाऱ्या फ्रिजला उगाच दोष.

आत बर्फ साचला तर फ्रिज बंद करून तो वितळू द्यावा. चाकूने खरवडू नये. नळीला भोक पडले की गॅस निघून जातो. पुष्कळ लोक म्हणतात, “गॅस संपला.” पण स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा हा गॅस खर्च होत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर नळी कुठेतरी गळते आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. नव्या फ्रिजमधले काही गॅस पेट घेणारे असतात, म्हणून हे काम जाणकार मिस्त्रीचेच.

वीज जाऊन आली की पाच मिनिटे थांबून फ्रिज सुरू करावा. विजेचा दाब कमी असेल तर मोटर नुसती घुरघुरते. फ्रिजला हात लावताच झटका बसला, तर पुन्हा हात लावू नका. मोठ्यांना मेन स्विच बंद करायला सांगा.

आत पाण्याचा पेला ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा. काही तासांनी तो ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी दाखवत असेल तर ठीक. नुसता वास घेऊन दूध चांगले आहे असे ठरवू नये. रोगजंतूंचा वास येतोच असे नाही.

मिस्त्रीला बोलावताना “फ्रिज बिघडला” एवढेच सांगू नका. मोटर चालते का, जाळी गरम लागते का, बर्फ कुठे धरला आहे, हेही सांगा.