नऊ व्होल्टची पिन

इंदापूर, मे अखेर

चि. बाळास,

काल रात्री वहिनींचा फोन आला होता. "ते मशीन बंद पडलंय वाटतं, पोरगं धड जेवत नाही," एवढंच म्हणाल्या. कुठलं मशीन ते त्यांना सांगता येईना. तू करतोयस तो बोर्ड बंद पडला असेल तर मला काही वाटणार नाही. तो शंभरदा बंद पडेल आणि शंभरदा चालू होईल. पण तुझ्या आजोबांचा, अण्णांचा, स्पेक्ट्रम संगणक बंद पडला असेल तर? अक्षय्यतृतीयेला तू आला नाहीस. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "चाललंय काका" म्हणून ठेवलास. म्हणून सरळ विचारतो. त्यातला यूएलए नावाचा आयसी काढलास का?

मी नको म्हटलं होतं. दिवाळीत, माळवदावर बसून, स्पष्ट शब्दांत म्हटलं होतं. स्पेक्ट्रमची नक्कल म्हणून तू करतोयस त्या बोर्डावर यूएलएच्या जागी साधे टीटीएल आयसी आहेत, आणि त्या उद्योगाचं सगळं मोल त्यातच आहे. फेरांटीचा तो एकटा आयसी चित्र काढतो, कळा वाचतो, कॅसेट ऐकतो आणि झेड-८० प्रोसेसरला कधी थांबायचं तेही सांगतो. क्रिस स्मिथ नावाच्या माणसाने त्याचं पोट उलगडून २०१० साली आख्खं पुस्तक लिहिलं, म्हणून बारामतीतल्या एका खोलीत तुला तो सुट्या आयसींनी उभा करता येतोय. ताडून बघायला अस्सल हवा असं तुला वाटलं असणार, आणि ते चूक नाही. पण घरात तो एकच आहे. आधी विचारायचं होतंस.

चित्रात पांढरे ठिपके उडतात म्हणाला होतास. त्याला अस्सल यूएलए लागत नाही, सामाईक विहीर आठव. खालची १६ के मेमरी ही ती विहीर. चित्र काढणारा आणि झेड-८० दोघे तिच्यावरच पाणी भरतात. एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याने मोटार चालू केली की भांडण, आणि ते भांडण तुला पडद्यावर दिसतं. एका ओळीला घड्याळाचे २२४ ठोके, ओळी ३१२, म्हणजे एका चित्राला ६९,८८८ ठोके. त्यात एक ठोका इकडचा तिकडे झाला तरी बॉर्डरच्या पट्ट्या सरकतात. आणि बुधवार पेठेतून आणलेल्या आयसींत तू एलएस आणि एचसी मिसळलेत, ते मला त्याच दिवशी खटकलं होतं. एलएसचा 'हो' २.७ व्होल्टलाही होतो, एचसीला साडेतीनच्या आसपास लागतात. तिथे एचसीटी घाल. प्रत्येक आयसीच्या पायांना चिकटून ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लाव, लांब नको. एका वेळी एकच बदल कर, तारखेसह वहीत लिही, आणि आधीचं चालतं होतं ते मोडू नको. मोटारी रिवायंड करून मी जे शिकलो ते हेच, वेढे मोजून लिहिल्याशिवाय जुनी तार तोडायची नाही.

पण हे सगळं नंतर. आधी ते मशीन कसं आहे ते कळव.

तुला वाटेल, काका एका जुन्या डब्यासाठी एवढा का तापतोय. डेसिबेल्सने परवाना घेऊन ऐंशीच्या दशकात आपल्याकडे काढलेला डीबी स्पेक्ट्रम तो. मी बारावीत असताना अण्णांनी उसाच्या बिलातून तो पुण्याहून आणून दिला. त्या पैशांत आईच्या पाटल्या व्हायच्या होत्या, हे तुला ठाऊक आहे. त्याच्या अ‍ॅडॉप्टरची वायर उंदराने कुरतडली, आणि मी धीर न धरता टेपरेकॉर्डरचा अ‍ॅडॉप्टर लावला. तोही नऊ व्होल्टचाच. पण स्पेक्ट्रमला मधली पिन ऋण लागते, आणि याची धन होती. मल्टीमीटर शेजारी पडला होता. मी तो उचलला नाही. जळका वास आला, पडदा काळा.

अण्णांना म्हणालो, दुकानदाराने खराब माल दिला. ते दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले, मशीन उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेऊन. शेवटच्या गाडीने परतले. डबा फडताळात ठेवला, पाय धुतले आणि मला विचारलं, "जेवलास का?" बाकी एक शब्द नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही. मला वाटलं, पचलं.

अण्णांचं तेरावं झालं तेव्हा मी डबा पहिल्यांदा उघडला. आत घडी घातलेली चिठ्ठी होती. दुकानदाराच्या हातची, पिनची आकृती काढून 'मध्ये ऋण' असं लिहिलेली. म्हणजे त्यांना तिथेच कळलं होतं, चारचौघांत. आणि मी सांगेन म्हणून ते किती वर्षं थांबले असतील, ते मला मोजवत नाही. मग मी ७८०५ बदलला, एक ट्रान्झिस्टर बदलला. उणे पाच व्होल्ट जाऊन बारा चालू राहिले की ४११६ मेमरी टिकत नाही, तसे आठातले सहा आयसी गेले होते, तेही बदलले. पडद्यावर १९८२ ची कॉपीराइटची ओळ उमटली. रात्रीचे दोन वाजले होते, आणि दाखवायला घरात कोणी नव्हतं.

दहावीला तुला ते दिलं तेव्हा चिठ्ठी आतच ठेवली, पण तुला सांगितलं नाही. मशीन उघडलं असशील तर ती वाचली असशील.

वर फार रागाने लिहिलं गेलं. खोडत नाही, पण मनावर घेऊ नको. यूएलए जळला असेल तर जळला. मी जे जाळलं त्यापुढे ते काही नाही, आणि तू निदान काहीतरी उभं करताना जाळलंस. मला फक्त तू तो डबा कपाटात लपवून त्याच्याशेजारी झोपत असशील, हे सोसत नाही.

शनिवारी ये. दोन्ही बोर्ड अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळ, प्लास्टिकच्या पिशवीत नको. झेड-८० जपून आण, झायलॉगने २०२४ पासून त्या चाळीस पायांच्या आयसीची मागणी घेणं थांबवलंय. ऑसिलोस्कोप मी मित्राकडून मागून ठेवलाय. उजनीचं पाणी उतरलंय, रविवारी पळसदेवला जाऊ. तू पाच वर्षांचा होतास तेव्हा तिथलं एरवी पाण्याखाली असणारं देऊळ माझ्या खांद्यावरून पाहिलं होतंस आणि आत शिरायला घाबरला होतास.

सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तर आपण नुसते ठिपके घालवत बसू. बारामतीहून सकाळची गाडी धर आणि उपाशीच ये, काकू वाढून ठेवेल.

तुझा,
काका