बोद्रुमचा सागरी दुर्ग

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, एजियन समुद्राच्या काठी, बोद्रुम नावाचे बंदर आहे. डावीकडे एक उपसागर, उजवीकडे दुसरा आणि त्या दोहोंच्या मधोमध समुद्रात शिरलेला खडक. या खडकावर सेंट पीटरचा किल्ला उभा आहे. समोर कोस हे ग्रीक बेट दिसते. बंदरात नांगरलेल्या लाकडी नौकांच्या डोलकाठ्यांमधून किल्ल्याचे बुरूज पाहत पर्यटक प्रवेशद्वारापाशी पोहोचतो.

किल्ला पाहायला आलेला माणूस सहसा तट, बुरूज आणि दरवाजे पाहून समाधानाने परततो. येथे मात्र तटाच्या दगडांकडे निरखून पाहिले नाही, तर अर्धे दर्शन वाया जाते. बांधकामातील काही दगड हिरवट छटेचे, ज्वालामुखीजन्य खडकाचे आणि अत्यंत रेखीव कापलेले आहेत. त्यांच्यामध्येच पांढऱ्याशुभ्र संगमरवराचे तुकडे, खांबांचे भाग बसविलेले दिसतात. किल्ला बांधणाऱ्यांनी हे दगड खाणीतून आणले नव्हते. जगातील सात आश्चर्यांपैकी एक मोडून ते मिळविलेले होते.

प्राचीन काळी या नगराचे नाव हालिकार्नासस असे होते. इतिहासलेखनाचा जनक मानला जाणारा हिरोडोटस याच नगरात जन्मला. भारतात झाडांना लोकर लागते, असे कापसाचे वर्णन करणारा तो हाच ग्रंथकार. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात येथे मॉसोलस हा पर्शियन साम्राज्याचा सुभेदार राज्य करीत होता. इ. स. पू. 353 मध्ये तो मरण पावला. त्याची पत्नी आर्टेमिसिया हिच्या काळात त्याच्या भव्य समाधीचे काम पुढे चालले. सुमारे 45 मीटर उंचीची ही वास्तू इतकी विख्यात झाली की, भव्य समाधीसाठी अनेक युरोपीय भाषांत मॉसोलसच्या नावावरूनच शब्द रूढ झाला. दीड हजार वर्षांहून अधिक काळ ती उभी होती. पुढे भूकंपांनी तिचा वरचा भाग ढासळला.

किल्ल्याची कथा त्यानंतरची आहे. सेंट जॉनच्या पंथाचे ख्रिस्ती सरदार ऱ्होड्स बेटावर राज्य करीत होते. 1402 च्या अखेरीस तैमूरलंगाने स्मर्ना, म्हणजे आजचे इझमिर, येथील त्यांचा किल्ला जिंकून उद्ध्वस्त केला. मुख्य भूमीवरील आधार गेल्यामुळे त्यांनी बोद्रुमच्या खडकावर नवा किल्ला उभारण्यास आरंभ केला. बांधकामावर देखरेख ठेवणारा हाइनरिख श्लेगेलहोल्ट हा जर्मन सरदार होता. काम कष्टाचे आणि धोक्याचे होते. म्हणून 1409 मध्ये पोपने आज्ञापत्र काढून, येथे राबणाऱ्यांना स्वर्गात जागा मिळेल, असे आश्वासन दिले. मजुरीच्या जोडीला स्वर्ग देऊ करणारा मालक इतिहासात विरळाच!

बुरुजांची नावे या सरदारांच्या संघटनेची ओळख करून देतात. फ्रेंच, इटालियन, जर्मन आणि इंग्रज अशा भाषिक गटांत ते विभागलेले होते आणि आपापल्या बुरुजाची राखण ज्या त्या गटाकडे असे. भिंतींवर कोरलेली कुलचिन्हे आजही शेकडोंनी मोजता येतात. आत जाण्यासाठी एकामागून एक सात दरवाजे ओलांडावे लागत. खडकात खोदलेल्या चौदा टाक्यांत पावसाचे पाणी साठविले जाई. समुद्राने वेढलेल्या किल्ल्याला गोड्या पाण्याची चिंता तटाइतकीच मोठी असते, हे त्या टाक्यांवरून ध्यानात येते.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस तोफा प्रबळ झाल्या आणि जुने तट अपुरे वाटू लागले. 1494 पासून सरदारांनी तट अधिक जाड करण्यास घेतले. त्यासाठी समाधीचे दगड सर्रास वापरले गेले. संगमरवर भट्टीत भाजून त्याचा चुना करण्यात आला. 1522 मध्ये तुर्की आक्रमणाच्या भीतीने हे काम अधिकच घाईने झाले. 1581 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच वृत्तांतात असे सांगितले आहे की, खणताना कामकऱ्यांना शिल्पांनी सजलेले एक दालन सापडले, त्याच्या आत शवपेटी होती. रात्र झाल्यामुळे सर्वजण परतले आणि सकाळी येऊन पाहतात तो पेटी फोडून लुटलेली. या वृत्तांतातील तपशील किती खरे मानावेत, याविषयी अभ्यासक सावध असतात.

एवढे करून त्या तटांचा उपयोग काय झाला? 1522 च्या अखेरीस सुलतान सुलेमानने ऱ्होड्स जिंकले आणि शरणागतीच्या अटींनुसार बोद्रुमचा किल्लाही सरदारांना सोडून द्यावा लागला. ज्या भिंतींसाठी एक आश्चर्य मातीमोल झाले, त्या भिंतींवर तेव्हा हल्ला झालाच नाही.

पुढे किल्ल्यातील प्रार्थनामंदिराची मशीद झाली, तिच्याशेजारी मिनार उभा राहिला. 1895 मध्ये किल्ल्याचा तुरुंग करण्यात आला. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, फ्रेंच युद्धनौकेने तोफा डागल्या. मिनार कोसळला आणि काही बुरूज जायबंदी झाले. त्यानंतर कित्येक वर्षे हा किल्ला ओसाडच होता.

त्याला नवे आयुष्य दिले ते समुद्राने. या किनाऱ्यावरील पाणबुडे तळाशी उतरून स्पंज गोळा करीत; बुडालेली जहाजे कोठे आहेत, हे त्यांनाच ठाऊक असे. 1960 मध्ये गेलिदोन्या भूशिराजवळ जॉर्ज बास यांच्या नेतृत्वाखाली समुद्रतळावरच शास्त्रशुद्ध उत्खनन करण्यात आले. वर आलेल्या वस्तू ठेवण्यासाठी जागा हवी होती, आणि किल्ला रिकामा होता. त्यातून सागरी पुरातत्त्वाचे हे संग्रहालय आकाराला आले.

येथील सर्वांत मोलाचा ठेवा उलुबुरून येथील जहाजाचा आहे. 1982 मध्ये एका स्पंजवेच्याने आपल्या कप्तानाला सांगितले की, तळाशी ‘कान असलेली धातूची बिस्किटे’ पडली आहेत. ती तांब्याची लगड होती. ताणून वाळत घातलेल्या कातड्याप्रमाणे चारी कोपरे बाहेर आलेली. 1984 ते 1994 अशी अकरा वर्षे पाणबुडे 40 ते 60 मीटर खोलीवर उतरत राहिले. बावीस हजारांहून अधिक वेळा त्यांनी बुडी मारली. जहाज इ. स. पू. चौदाव्या शतकातील निघाले. त्यात सुमारे दहा टन तांबे आणि एक टन कथील होते. कांसे तयार करण्यासाठी लागणारे हेच प्रमाण! निळ्या काचेच्या वड्या, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, आफ्रिकेतील काळे लाकूड आणि इजिप्तची राणी नेफरतीती हिच्या नावाची सोन्याची मुद्रा, असा सारा माल एका जहाजात होता. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचे व्यापारी किती दूरदूरच्या देशांशी व्यवहार करीत, हे कोणत्याही लेखी पुराव्यापेक्षा या एका दालनात अधिक स्पष्ट दिसते. दुसऱ्या दालनात अकराव्या शतकातील एका जहाजाचा सांगाडा आहे. त्यात वितळवून पुन्हा वापरण्यासाठी नेली जाणारी सुमारे तीन टन काच होती. तिचे असंख्य तुकडे जुळवून भांडी उभी करण्यात संशोधकांची अनेक वर्षे गेली.

किल्ल्याची दुरुस्ती अनेक टप्प्यांनी झाली. 1915 मध्ये पडलेला मिनार 1997 मध्ये मूळ रूपात पुन्हा बांधण्यात आला. अलीकडे काही काळ दारे बंद ठेवूनही मोठे काम करण्यात आले. परंतु येथे ‘मूळ’ कशाला म्हणावयाचे, हा प्रश्न सोपा नाही. सरदारांचे प्रार्थनामंदिर मूळ, की मशीद? तटातील संगमरवर किल्ल्याचा, की समाधीचा? एका पक्षाने या प्रश्नाचे उत्तर कृतीनेच दिले होते: 1846 मध्ये ब्रिटिश राजदूत स्ट्रॅटफर्ड कॅनिंग यांनी सुलतानाची परवानगी मिळवून तटात बसविलेली शिल्पे काढवून घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. त्यानंतर चार्ल्स न्यूटन यांनी समाधीच्या जागी उत्खनन करून आणखी शिल्पेही तेथेच नेली.

किल्ला पाहून झाल्यावर ज्याला सवड असेल, त्याने गावातून चालत समाधीच्या जागेपर्यंत अवश्य जावे. तेथे खडकात कोरलेला विस्तीर्ण चौकोनी खड्डा आणि खांबांचे काही तुकडे एवढेच उरले आहे. हिरवे दगड किल्ल्यात, शिल्पे लंडनमध्ये आणि चुना भिंतींच्या सांध्यांत आहे.