टपालाचे तिकीट छापून देणारे यंत्र

'टपाल' हा पाठ शिकविताना पत्राचा प्रवास आपण नेहमी सांगतो. तिकिटाला किंमत केव्हा येते, हा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. त्यासाठी पुढील माहिती शिक्षकांस उपयोगी पडेल.

चिकटविण्याचे पहिले तिकीट ब्रिटनमध्ये १८४० साली निघाले. पण ते खिडकी उघडी असेतोवरच मिळे. १९०५ साली न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या टपालकचेरीत रॉबर्ट डिकी यांचे यंत्र चाचणीसाठी बसविण्यात आले. नाणे टाकले की आतल्या गुंडाळीतून एक तिकीट बाहेर येई. हे यंत्र तिकीट विकी, छापीत नसे. म्हणून जितक्या किमती तितक्या गुंडाळ्या लागत.

ही अडचण दूर करणारी यंत्रे स्वित्झर्लंडमध्ये १९७६ साली सुरू झाली. ती फ्रामा या स्विस कंपनीची होती. त्यांतील गुंडाळीवर केवळ नक्षी असे, किंमत नसे. पैसे पडल्यावरच यंत्र त्यावर आकडा छापी. कोरा कागद तिकीट होतो तो या क्षणी, हे मुलांना अवश्य दाखवावे.

ब्रिटनने अशी यंत्रे १ मे १९८४ रोजी चार शहरांत लावली. ती अर्ध्या पेनीपासून १६ पेन्सपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या पेनीच्या वाढीने, तिकिटे छापीत. एकाच गुंडाळीतून किती निरनिराळ्या किमतींची तिकिटे निघतील, हे उदाहरण वर्गास घालावे. उत्तर ३२ येईल. (अर्धी पेनी हे नाणे त्याच वर्षाच्या डिसेंबरात चलनातून गेले!) ३० एप्रिल १९८५ रोजी हा प्रयोग थांबला.

२००८ पासून तेथे निराळी यंत्रे बसली. ग्राहकाने पत्र काट्यावर ठेवावे, पडद्यावर ठिकाण व सेवा निवडावी, पैसे भरावे, की तिकीट छापून येते. वजन पाहून दर लावण्याचे कारकुनाचे काम आता यंत्राने व ग्राहकाने वाटून घेतले. मात्र ज्यास पडद्यावरील अक्षरे वाचता येत नाहीत, त्याचे काम खिडकीवाचून अडते. यंत्र आले म्हणून खिडकी बंद करणे आम्हास न्याय्य वाटत नाही.

वर्गात तराजू, खडे व कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन हा व्यवहार करवून घ्यावा. एका मुलाने वजन करावे, दुसऱ्याने फळ्यावरील कोष्टकातून दर काढावा, तिसऱ्याने पैसे मोजून घेतल्यावरच चिठ्ठीवर आकडा लिहावा.