मदतीची यादी आणि यादीबाहेरची माणसे

आपद्ग्रस्तांना मदत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुरीभाजीची पाकिटे, जुन्या कपड्यांची गाठोडी, टेम्पोला बांधलेला संस्थेचा फलक आणि त्या फलकासमोर काढलेला फोटो उभा राहतो. हे सारे पहिल्या चार-पाच दिवसांचे असते. त्या दिवसांत भुकेल्याला अन्न देणे अगत्याचेच आहे, त्याला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु पाणी ओसरते, टेम्पो परत जातात आणि मग तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक पंचनाम्याचे कागद घेऊन गावात येतात. ज्याचे नाव त्या कागदावर चढते त्याचेच नुकसान झाले, असे सरकारदरबारी ठरते. ज्याचे नाव सुटते त्याचे घर पडले असले तरी ते पडलेले नसते. स्वयंसेवकाचे खरे काम येथून सुरू होते असे आमचे मत आहे, आणि प्रस्तुत लेखात याच बाजूचा विचार करावयाचा आहे.

आपत्तीत धावून जाण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. अतिसाराने खंगलेला तो भिक्खू स्वतःच्याच मळात पडून होता. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले व उचलून बिछान्यावर निजविले. सेवेची ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. परंतु इतर भिक्खू त्याच्याकडे का फिरकत नव्हते, याचे तेथे दिलेले कारण फारसे कोणी सांगत नाही. तो आजारी भिक्खू इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते! मदतीच्या यादीतून कोणाची नावे गळतात हे पाहिले की हे कारण पुन्हा पुन्हा आठवते.

१८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे बालाश्रम काढून उपाशी मुलांना जेवण दिले. सावित्रीबाई त्या वर्षी ओतूर भागात दुष्काळ निवारणाच्या कामात होत्या, हे त्यांच्या जोतीरावांना लिहिलेल्या पत्रावरून दिसते. पुढे १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या मुलाला उचलून आणणारे दुसरे कोणी नव्हते, हे येथे महत्त्वाचे आहे.

आता आपल्या काळाकडे येऊ. दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही शाळेत होतो. गणेश विसर्जनाची रात्र संपत आली होती. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांतील ५२ गावे उद्ध्वस्त झाली आणि सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. तेथील जुनी घरे जाड दगडी भिंतींची, चिखलात बांधलेली आणि वर मातीच्या जड माळवदाची होती. ज्यांच्याजवळ असे वाडे होते ते वाड्याखाली गाडले गेले आणि गवताच्या छपराखाली झोपणारी माणसे बऱ्याच ठिकाणी वाचली. गरिबीने जीव वाचविला असे म्हणावे, तर पुनर्वसनात काय झाले तेही पाहिले पाहिजे. जागतिक बँकेच्या साहाय्याने जी नवी गावे वसविली, त्यांत घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांस २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांस ४०० आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांस ७५० चौरस फूट. ज्याचे मोठे घर गेले त्याला मोठे घर, हा हिशेब वरवर न्यायाचा दिसतो. परंतु भूकंपाने जुने गाव जमीनदोस्त केल्यावर नवे गाव समानतेने वसविण्याची जी संधी आली होती, ती जमिनीच्या मापात मोजली गेली. भूमिहीन कोण होते हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावे लागू नये.

किल्लारीची दुसरी बाजू मात्र अभिमानाने सांगण्यासारखी आहे. ज्या गावांतील घरे पूर्ण पडली नव्हती तेथे दुरुस्ती व मजबुतीकरणाचा कार्यक्रम होता. हे काम मालकाने स्वतः करून घ्यावयाचे आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळावयाचे. हप्ता केव्हा मिळणार, सिमेंट किती लागणार, कोपऱ्याला लोखंड कसे बांधावयाचे, हे गावाला समजावून कोण सांगणार? ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने हजाराहून अधिक गावांत स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. प्रेमा गोपालन या त्या कामाच्या सूत्रधार होत्या. चूल आणि शेत यांपलीकडे कचेरीत न गेलेल्या बाया अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडील याच बाया तेथे गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर महाराष्ट्र व गुजरातच्या भूकंपग्रस्त स्त्रिया तामिळनाडूत पोहोचल्या. भाषा वेगळी, परंतु आपत्तीनंतरचे दिवस कसे काढावयाचे हे त्यांनी स्वतः भोगलेले होते. परमुलखात जाऊन सेवा करावयाची तर पदवीपेक्षा हे शिक्षण अधिक कामाचे ठरते, हे आमच्यासारख्या कला शाखेच्या पदवीधराने मान्यच केले पाहिजे.

त्याच त्सुनामीत नागपट्टिनम जिल्ह्यात काय घडले तेही विद्यार्थ्यांनी वाचावे. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडले होते आणि त्याच वेळी मासेमारीवर मजुरी करणारे दलित मदतीच्या यादीत नव्हते. यादी होडी आणि जाळे कोणाचे यावरून झाली. ज्याची होडी नव्हती, जो दुसऱ्याच्या होडीवरची मासळी उतरवून पोट भरत होता, त्याचा रोजगारही समुद्राने नेला होता. परंतु तो कोणत्या रकान्यात लिहावयाचा? काही छावण्यांतून दलित कुटुंबांना बाहेर काढल्याचेही त्या वेळी उजेडात आले. कच्छमध्येही जातवार छावण्यांच्या तक्रारी झाल्याच होत्या. लाट जात पाहत नाही असे आपण भाषणात म्हणतो. लाटेनंतर वाटपाची रांग लागते, आणि ती रांग माणसेच लावतात.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात समुद्र नाही, भूकंपाचा इतिहासही नाही. परंतु पैनगंगा, वर्धा, पूस, अरुणावती, अडाण यांच्या काठी राहणाऱ्यांना पुराची ओळख करून देण्याची गरज नाही. जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीच्या पुराने वणी तालुक्यातील गावे वेढली गेली. दि. २२ जुलै २०२३ रोजी तर वाघाडी नदीचे पाणी यवतमाळ शहरातील वस्त्यांत शिरले आणि महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी त्यांना बाहेर काढले. पुढचे काम जवानांचे नसते.

आमच्याकडे नागपट्टिनमच्या होडीच्या जागी सातबारा आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस महसूल मंडळात नोंदला गेला की अतिवृष्टी धरली जाते. शेताचे पंचनामे होतात आणि मदत हेक्टरी हिशेबाने सातबारावरील नावाला मिळते. शेतकऱ्याला ती मिळालीच पाहिजे, ती पुरेशीही नसते. परंतु ज्या बाईचा निंदणाचा, सोंगणीचा आणि वेचणीचा हंगाम बुडाला तिला कोणता उतारा मिळणार? मक्त्याने शेत वाहणाऱ्याची अवस्था त्याहून बिकट. बियाणे त्याचे, खत त्याचे, मेहनत त्याची. मदत मात्र शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात. काही मालक ती रक्कम वाहणाऱ्याच्या हाती देतात, काही देत नाहीत. नाल्याकाठी अतिक्रमणात राहणाऱ्याजवळ ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा नसतो, म्हणून घर त्याचे की नाही येथूनच वाद. शेळी वाहून गेली किंवा मेली तर तिचीही मदत असते, भूमिहीनालाही असते. परंतु पंचनाम्याआधीच ती पुरून टाकली तर पुरावा उरत नाही. एका साध्या फोटोने येथे काम होते, पण हे त्या घरी कोणी सांगितलेलेच नसते.

आम्ही पेशाने बँकेतील लिपिक, म्हणून यापुढची गोष्ट खिडकीच्या आतून पाहिलेली आहे. यादीत नाव आले तरी पैसे हाती येतातच असे नाही. आधारवर ‘रमाबाई’, पासबुकात ‘रमा’ आणि महसुली कागदावर नवऱ्याच्या नावापुढे ‘भ्र.’ लावून तिसरेच काही! जनधन योजनेत २०१४ नंतर काढलेली अनेक खाती दोन वर्षे व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय झालेली असतात. ज्याची दोन-तीन खाती आहेत त्याला कळत नाही की आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यातच सरकारी रक्कम जाते. तो जुने पासबुक घेऊन चार चकरा मारतो आणि पैसे दुसऱ्याच शाखेत पडून असतात. ई-केवायसीसाठी अंगठा लावावा तर मजुरीने रेषा झिजलेल्या, यंत्र अंगठा घेत नाही. पुरात कागदपत्रे वाहून गेलेल्यांना साध्या फोटोवर व अंगठ्यावर खाते उघडून देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या निर्देशांत दिली होती. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये असे शासन निर्णयांतही लिहिलेले असते. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीच ठाऊक नसते आणि आतल्या माणसाला गर्दीत सांगावयास वेळ नसतो. दहावी-बारावी झालेला एक मुलगा पासबुक वाचून पाहण्यासाठी त्याच्याबरोबर उभा राहिला तर निम्म्या चकरा वाचतात. याला वर्गणी लागत नाही.

नोंदीचे महत्त्व किती दूरवर पोहोचते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो लोकांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. आकाशातून काही कोसळले नव्हते, म्हणून याला कोणी आपत्ती म्हटले नाही. परंतु आमच्या दृष्टीने ती आपत्तीच होती. २०२० साली पीडित कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये तेथील एका कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली. कंपनीने जबाबदारी नाकारली. आपल्याला घ्यावयाचे ते एवढेच की, कोणी कोणते औषध फवारले होते हे यवतमाळच्या पोलिसांच्या नोंदींत लिहिलेले होते, म्हणून हा प्रश्न तिथवर जाऊ शकला. ज्याच्या औषधाचे नाव कोणी लिहून घेतले नाही त्याच्या घरच्यांनी काय दाखवावे?

एक कटू गोष्टही येथे लिहिणे भाग आहे. जातीवरून डावलले गेल्याची तक्रार आपण करतो, आणि ती खरी आहे. परंतु आपल्या संस्थांचेही वाटप बहुधा आपल्याच वस्तीपासून सुरू होते व तेथेच संपते. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर भागातील कोलाम पोड, पारध्यांचा बेडा, बंजाऱ्यांचा तांडा, गावकुसाबाहेरची मुसलमानांची चार घरे, येथे आपले किती कार्यकर्ते वही घेऊन गेले? सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पुराने थैमान घातले तेव्हा गावोगावचे तरुण तिकडे निघाले, ही आनंदाची बाब आहे. पण तेथे पोहोचल्यावर ‘आपली माणसे कोठे राहतात?’ हा पहिला प्रश्न विचारला जात असेल, तर गावचा पुढारी जे करतो तेच आपण निळ्या झेंड्याखाली करीत आहोत. यावर सभासदांत मतभेद होतील हे आम्ही जाणून आहोत. काहींचे म्हणणे असे की आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून आपण आपल्याला पाहावे. ते म्हणणे आम्हाला पटत नाही. कोलामाचे नाव यादीवर चढविण्यासाठी बौद्ध मुलगा तहसील कचेरीत भांडला, तर उद्या आपल्या नावासाठी बोलणारे दुसरे कोणी उभे राहण्याची शक्यता तरी निर्माण होते.

असो. तालुक्यातील विहारांतून करता येण्यासारखे काम लहानच आहे. मृग लागण्यापूर्वी प्रत्येक वस्तीतील दोन विद्यार्थ्यांनी, त्यांत एक मुलगी असावी, नदी-नाल्याकाठच्या सर्व जातींच्या घरांची एक वही करावी. घरात माणसे किती, जनावरे किती, शेत स्वतःचे की मक्त्याचे, खाते कोणत्या शाखेत आणि चालू आहे काय, हे तीत लिहावे. घरमालक म्हणून पुरुषाचे नाव लिहिण्याची सवय आहे. बाईचे नाव व तिचे खाते वेगळ्या ओळीत घ्यावे, कारण विधवा आणि टाकलेल्या बायकांची नावे सासरच्या घरात मिसळून नाहीशी होतात. पंचनाम्याच्या दिवशी ही वही घेऊन तलाठ्याबरोबर फिरावे, हुज्जत न घालता सुटलेले घर दाखवावे. ग्रामपंचायतीच्या फलकावर यादी लागली की ती चावडीवर मोठ्याने वाचावी. कोणाचे नाव राहिले असेल तर अर्ज दोन प्रतींत लिहावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याखेरीज तहसीलची पायरी उतरू नये.