निवृत्तिवेतनाचे खाते आणि विश्वासाचा माणूस

नोव्हेंबर महिना उजाडला की तालुक्याच्या गावी बँकेच्या दारात सकाळपासून वृद्धांची रांग लागते. हयातीचा दाखला देण्यासाठी ही मंडळी आलेली असतात. कोणी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, कोणी नातीच्या आधाराने. जे अंथरुणाला खिळले आहेत ते मात्र ह्या रांगेत दिसत नाहीत, आणि खरा प्रश्न त्यांचाच आहे. निवृत्तिवेतन दरमहा खात्यात जमा होते. ते काढून आणावयाचे कोणी, आणि कोणत्या अधिकाराने?

अनेक घरांतून ह्या प्रश्नाचा निकाल एटीएम कार्डाने लावला जातो. कार्ड आणि गुप्त क्रमांक मुलाच्या, पुतण्याच्या, प्रसंगी शेजाऱ्याच्या स्वाधीन केला जातो. सोय होते हे खरे. परंतु ह्या व्यवस्थेला अधिकारपत्राचे स्वरूप नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या निर्देशांनुसार, खातेदाराने स्वतःच गुप्त क्रमांक दुसऱ्यास सांगितल्यामुळे नुकसान झाल्यास, बँकेला कळविण्यापूर्वीचा सर्व तोटा खातेदारासच सोसावा लागतो. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याचीही अडचण होते. उद्या भावंडांनी हिशेब विचारला, तर आपण कोणाच्या सांगण्यावरून पैसे काढले हे दाखविण्यास त्याच्याजवळ कागदाचा कपटाही नसतो.

दुसरा समज याहून अधिक रूढ आहे. "खात्याला मुलाचे नाव लावले आहे," असे अनेकजण समाधानाने सांगतात. पासबुक उघडून पाहावे तर ते केवळ नामनिर्देशन असते. नामनिर्देशित व्यक्तीला खातेदार हयात असेपर्यंत एक रुपयाही काढता येत नाही. खातेदाराच्या मृत्यूनंतर शिल्लक रक्कम तिच्या हाती येते, तीही वारसांच्या वतीने. त्यामुळे वारसांचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. आजारपणात उपयोगी पडेल म्हणून नामनिर्देशनावर विसंबणे व्यर्थ होय.

पती-पत्नी दोघेही हयात असतील तर संयुक्त खाते हा साधा मार्ग. ज्यांच्या नावे कुटुंब निवृत्तिवेतन मंजूर आहे अशा जोडीदाराबरोबर असे खाते ठेवण्याची मुभा केंद्र शासनाने आपल्या निवृत्तिवेतनधारकांना दिली आहे. मात्र मृत्यूनंतरच्या काळाचे निवृत्तिवेतन चुकून खात्यात जमा झाल्यास ते परत करावे लागते, हे जोडीदाराने ध्यानात ठेवावे.

हात थरथरू लागल्याने सही जुळत नाही, किंवा बँकेपर्यंत जाणेच अशक्य झाले आहे, अशांसाठी स्वतंत्र पद्धत आहे आणि ती पुरेशी ठाऊक नाही. पैसे काढण्याच्या अर्जावर अंगठ्याचा, तो शक्य नसल्यास पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तोही उमटविता येत नसेल तर एखादी खूण पुरते. बँकेला माहीत असलेल्या दोन त्रयस्थ साक्षीदारांनी ती ओळखावयाची असते. त्यांपैकी एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. प्रत्यक्ष रक्कम कोण नेणार हे खातेदाराने सांगावयाचे व त्या व्यक्तीने आपली सही बँकेत द्यावयाची. सत्तरीच्या पुढील खातेदारांना काही मूलभूत सेवा घरपोच देण्याच्या सूचनाही रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना दिल्या आहेत. तेव्हा आजारी वृद्धाला खाटेसह बँकेत आणण्याचे कारण नाही.

दीर्घकाळ मदत लागणार असेल तर मुखत्यारपत्र करावे. ते सर्वाधिकाराचेच असावे असे नाही. 'अमुक खात्यातून दरमहा अमुक रकमेपर्यंत' एवढाच अधिकार त्यात देता येतो, आणि सामान्यतः बँकेला लेखी कळवून तो काढूनही घेता येतो. शेतजमीन आणि निवृत्तिवेतन एकाच कागदात गुंतविण्याची जी प्रथा आहे ती टाळलेली बरी. पुढे मिळावयाचे निवृत्तिवेतन तारण ठेवणे अथवा दुसऱ्यास लिहून देणे १८७१ च्या पेन्शन अधिनियमान्वये निरर्थक ठरते. म्हणून सावकाराने पासबुक अडकवून ठेवले तरी त्यामुळे त्याला त्या पैशावर हक्क मिळत नाही.

परंतु मुखत्यारपत्राची एक मर्यादा पुष्कळ कुटुंबांना फार उशिरा कळते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, अधिकार देणाऱ्याचे मन अस्थिर झाले की हा अधिकार संपुष्टात येतो. स्मृतिभ्रंशाने वडील मुलालाच ओळखेनासे झाले, म्हणजे ज्या दिवसांसाठी कागद केला तेच दिवस आले, की कागद निकामी होतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मालमत्तेसाठी पालक नेमण्याची तरतूद नाही. त्यामुळे बेशुद्धावस्थेतील रुग्णांच्या नातेवाइकांना पालकत्वासाठी उच्च न्यायालयाकडे धाव घ्यावी लागली आहे. औषधाच्या खर्चासाठी खेड्यातील कुटुंबाला हा मार्ग किती परवडेल, हे सांगणे न लगे. शुद्धीत असताना जोडीदाराचे नाव संयुक्त खात्यात घालून ठेवलेले असेल, तर निदान घरखर्च अडत नाही.

गावपातळीवर सरपंच, शिक्षक व ग्रामपंचायत अधिकारी ह्यांच्याकडे साक्षीसाठी कागद येतच असतात. केंद्रीय निवृत्तिवेतनधारकाच्या हयातीच्या दाखल्यावर सही करू शकणाऱ्यांत ग्रामपंचायतीच्या प्रमुखाचाही समावेश आहे. ही सही वृद्धाला प्रत्यक्ष पाहूनच करावी. घरी जावे, खाटेजवळ बसावे, इतरांना क्षणभर बाहेर पाठवावे आणि त्यांनाच विचारावे: पैसे कोण आणतो, किती आणतो, आणि तुमच्या हातात किती पडतात?