बारा शब्दांची किल्ली
क्रिप्टोकरन्सीचे जतन, पुनःप्राप्ती आणि वारसा

बंगळुरू शहराच्या दक्षिण भागात बनशंकरी नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. बदामीजवळील बनशंकरीला कुलस्वामिनी मानणाऱ्या मराठी घराण्यांना हे नाव परके वाटत नाही. या वसाहतीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची आपण कल्पना करू. कुटुंबप्रमुख संगणक अभियंता आहेत. गेली काही वर्षे ते थोडे थोडे बिटकॉइन विकत घेऊन ठेवीत आले आहेत. एके दिवशी ते अकस्मात निवर्ततात. दिवसकार्य आटोपल्यावर कपाटाच्या खणात पेनड्राइव्हएवढे एक उपकरण सापडते. मुलगी म्हणते, "आई, बाबांचे बिटकॉइन यात आहेत." आई विचारते, "मग बँकेत जाऊन मृत्यूचा दाखला दाखवला, तर मिळतील ना?"

आईचा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. बँकेतील ठेवीची नोंद बँकेच्या वहीत असते. ठेवीदार गेला, पासबुक हरवले, तरी वारस दाखला घेऊन जाऊ शकतो. दहा वर्षे कोणीच हात न लावलेली ठेव २०१४ साली स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. परंतु त्यानंतरही वारसाचा हक्क बुडत नाही. क्रिप्टोकरन्सीला मात्र असा दरवाजा नाही. तो का नाही, आणि त्याच्या जागी घरच्या माणसांनी काय योजावे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

१. पाकिटात पैसा नसतो

क्रिप्टोकरन्सी ज्या साधनात ठेवतात त्यास वॉलेट, म्हणजे पाकीट, म्हणतात. हा शब्द काहीसा फसवा आहे. कारण या पाकिटात नाणे नसतेच. ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झालेल्या बिटकॉइनची सर्व देवघेव एका सार्वजनिक खातेवहीत लिहिलेली असते, आणि त्या वहीच्या प्रती जगभरातील हजारो संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या असतात. नाणे त्या वहीतील नोंदीच्या रूपानेच अस्तित्वात असते. ती नोंद एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर हलविण्याचा अधिकार ज्या संख्येमुळे मिळतो, ती संख्या तेवढी पाकिटात असते. तिला खाजगी किल्ली म्हणतात.

बिटकॉइनची खाजगी किल्ली २५६ द्विमान अंकांची, म्हणजे शून्य व एक या दोनच अंकांत लिहिलेली, संख्या असते. तिच्यापासून गणिताने सार्वजनिक किल्ली काढता येते व तीपासून पत्ता. परंतु पत्त्यावरून उलट जाऊन खाजगी किल्ली काढण्याची व्यवहार्य रीत आजवर कोणास सापडलेली नाही. दुधाचे दही होते, दह्याचे दूध होत नाही. तसाच हा एकदिशा मार्ग आहे. खातेवही राखणारी कोणी एक संस्था नसल्यामुळे मृत्यूचा दाखला पाहून नोंद बदलणारा अधिकारीही कोणी नाही.

यावरून एक दिलासा व एक इशारा मिळतो. उपकरण फुटले, जळाले किंवा हरवले, तरी नोंद जागच्या जागी असते. किल्ली पुन्हा निर्माण करता आली की काम झाले. परंतु किल्ली व तिची प्रत दोन्ही नष्ट झाल्यास ती नोंद सर्वांना दिसते आणि कोणालाच हलविता येत नाही.

२. शब्द कोठून येतात?

शेदीडशे अंकांची संख्या माणसाच्या हातून बिनचूक उतरवली जाणे कठीण. म्हणून २०१३ साली एक पद्धत सुचविण्यात आली व ती पुढे सर्वत्र रूढ झाली. तीत २,०४८ सोप्या शब्दांची ठरावीक यादी आहे. २,०४८ म्हणजे दोनाचा अकरावा घात. म्हणून यादीतील प्रत्येक शब्द ११ द्विमान अंकांचे काम करतो. बारा शब्दांचे १३२ अंक होतात. त्यांपैकी १२८ अंक निव्वळ यदृच्छेने निवडलेले असतात आणि उरलेले ४ अंक पडताळ्याचे असतात. या बारा शब्दांना आपण बीजशब्द म्हणू; कारण एका बीजातून जसा सारा वृक्ष वाढतो, तशा त्यांतून पाकिटातील सर्व किल्ल्या ठरावीक नियमाने निघतात. काही पाकिटांत चोवीस बीजशब्दही असतात.

१२८ अंकांतून होणाऱ्या भिन्न रचनांची संख्या ३९ अंकी आहे. तर्काने ती हुडकणे अशक्य होय. पडताळ्याच्या चार अंकांमुळे एखादा शब्द चुकीचा लिहिला गेल्यास सोळांपैकी सरासरी पंधरा वेळा यंत्र ती चूक लगेच दाखविते.

३. काही शब्द हरवल्यास

समजा, कागदावरील एक शब्द पुसला गेला, परंतु त्याची जागा माहीत आहे. तेथे २,०४८ शब्द क्रमाने घालून पाहता येतात. त्यांपैकी सुमारे १२८ पडताळ्यास उतरतात, आणि त्यांतून जुना पत्ता ज्याने निघतो तो शब्द खरा. दोन शब्द हरवले तर ४१,९४,३०४ जोड्या तपासाव्या लागतात. संगणकास हेही जड नाही. सर्व शब्द आहेत पण क्रम विस्कटला आहे, अशा वेळी ४७,९०,०१,६०० क्रम संभवतात; हे काम वेळखाऊ, तरीही शक्य कोटीतले आहे. परंतु सहा शब्द हरवल्यास ही संख्या सातावर एकोणीस शून्ये देण्याइतकी वाढते, आणि घरगुती साधनांनी आशा सोडावी लागते.

येथे सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. हा शोध इंटरनेटपासून तोडलेल्या संगणकावर विश्वासू जाणकाराच्या देखत करावा. "तुमचे शब्द सांगा, आम्ही पैसे सोडवून देतो" असे म्हणणाऱ्यास शब्द सांगणे म्हणजे पैसेच देऊन टाकणे होय. उपकरणाच्या पिन क्रमांकाविषयीही अंदाज लढवू नये. तो काही वेळा चुकताच अनेक उपकरणे आपली स्मृती पुसून टाकतात.

४. प्रत कशी लिहावी?

या पद्धतीच्या शब्दयाद्या इंग्रजी, जपानी, स्पॅनिश, फ्रेंच आदी भाषांत आहेत. मराठी किंवा कन्नड यादी त्यांत नाही. आपल्याकडे बहुधा इंग्रजी यादीच वापरली जाते. म्हणून घरच्यांच्या सोयीसाठी शब्द देवनागरीत उतरवून ठेवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. 'उजवा' आणि 'लिहिणे' या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द उच्चाराने एकच, 'राइट', आहेत, आणि दोन्ही या यादीत आहेत. देवनागरी 'राइट' वरून वारसाला कोणता शब्द कळणार? शब्द रोमन लिपीत, मोठ्या सुट्या अक्षरांत, प्रत्येकापुढे अनुक्रमांक घालून लिहावेत. यादीतील कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरे सारखी नसतात. त्यामुळे शेवटची अक्षरे पुसट झाली तरी शब्द ओळखता येतो.

कागदाला ओल, कसर व आग यांचे भय असते. म्हणून पोलादी पट्टीवर अक्षरे ठोकून ठेवण्याची पद्धत चांगली. मोबाइलवर छायाचित्र काढू नये, ई-मेलमध्ये ठेवू नये. कारण ती प्रत कोठकोठे पोहोचते हे आपणास कळत नाही.

५. पुनःप्राप्तीची तालीम

जी प्रत कधी वापरून पाहिली नाही, ती प्रत आहे असे मानू नये. मोठी रक्कम ठेवण्यापूर्वी अगदी लहान रक्कम ठेवावी, पाकिटाचा एक पत्ता लिहून घ्यावा, उपकरणाची स्मृती मुद्दाम पुसावी, आणि केवळ लिहिलेल्या शब्दांवरून पाकीट पुन्हा उभे करावे. तोच पत्ता दिसला, तर प्रत खरी.

या तालमीत दोन अडचणी ध्यानात येतात. पहिली अडचण जादा परवलीशब्दाची. बीजशब्दांखेरीज मालकाने स्वतःचा एक गुप्त शब्द जोडलेला असू शकतो. तो गाळला किंवा एका अक्षराने चुकला, तर यंत्र चूक दाखवीत नाही. ते निराळेच, रिकामे पाकीट उघडते. दुसरी अडचण किल्ल्या काढण्याच्या मार्गाची. एकाच बीजातून निरनिराळ्या मार्गांनी निरनिराळ्या किल्ल्या निघतात, आणि सर्व प्रणाल्या एकच मार्ग धरीत नाहीत. दोन्ही प्रसंगी शब्द बिनचूक असूनही वारसाला शिल्लक शून्य दिसते, आणि "यात काहीच नव्हते" असे समजून तो कागद फेकून देतो. म्हणून वापरलेल्या पाकिटाचे नाव, जादा परवलीशब्द आहे किंवा नाही, आणि एक ओळखीचा पत्ता, एवढे तरी लिहून ठेवावेच.

६. किल्ली दुसऱ्याच्या हाती असल्यास

पुष्कळ लोक स्वतः किल्ली न बाळगता एखाद्या विनिमय केंद्रात खाते उघडतात. तेथे वारसाने केंद्राकडे कागदपत्रांसह अर्ज करावयाचा असतो. हा मार्ग बँकेसारखा दिसतो. परंतु त्याची भिस्त केंद्राच्या सचोटीवर व सुरक्षिततेवर असते. कॅनडातील क्वाड्रिगा या केंद्राचे प्रमुख जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर येथे मरण पावले. किल्ल्या केवळ त्यांनाच ठाऊक होत्या, असे प्रथम सांगण्यात आले, आणि ७६,००० हून अधिक ग्राहकांचे पैसे अडकले. २०२० साली ऑन्टारिओच्या रोखे आयोगाने चौकशीचा अहवाल दिला. नुकसानीचा मोठा भाग कॉटन यांच्या स्वतःच्या कपटी व्यवहारांमुळे, त्यांच्या मृत्यूपूर्वीच झाला होता, असा त्याचा निष्कर्ष होता. किल्लीपेक्षा पैसाच आधी गेला होता. भारतातही जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या केंद्रातून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची क्रिप्टोकरन्सी चोरीस गेली. तेव्हा मालमत्ता कोठे आहे, स्वतःच्या पाकिटात की केंद्रात, ही पहिली माहिती घरच्यांना असली पाहिजे.

७. रहस्य वाटून ठेवण्याचे गणित

आता मुख्य पेच. शब्द कोणालाच न सांगितल्यास वारस मुकतो. सांगितल्यास मालकाच्या हयातीतच चोरीचे भय. काही जण सहा शब्द पत्नीकडे व सहा भावाकडे ठेवतात. ही तोड दुहेरी वाईट आहे. एक तुकडा हरवला की बहुधा सर्वच गेले. आणि एक तुकडा चोराच्या हाती पडला, तर त्याने तपासावयाच्या शक्यतांची ३९ अंकी संख्या एकदम १९ अंकांवर येते.

अदि शामीर या गणितज्ञाने १९७९ साली याहून सुंदर उपाय दाखविला. शालेय भूमिती त्याला पुरते. समजा, आपले रहस्य ७ आहे. उभ्या अक्षाला ७ वर छेदणारी एक तिरकी रेषा घेऊ, जी दर पावलास ३ ने चढते. पहिल्या पावलावर उंची १०, दुसऱ्यावर १३, तिसऱ्यावर १६. हे तीन बिंदू तिघांना एकेक द्यावे. कोणतेही दोघे एकत्र आले की दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, आणि ती मागे वाढवून ७ हे उत्तर मिळते. एकट्याच्या बिंदूतून मात्र अगणित रेषा जाऊ शकतात. त्याला काहीच कळत नाही. प्रत्यक्षात हे गणित मोठ्या संख्यांवर, घड्याळाप्रमाणे फिरून येणाऱ्या अंकगणिताने करतात. काही पाकिटांत ही सोय तयार मिळते. तिचे शब्द साध्या बीजशब्दांहून निराळे असतात, हे वारसांना कळवावे.

आपल्या बनशंकरीच्या कुटुंबात एक वाटा घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये व एक परगावच्या आत्याकडे असता, तर एक वाटा गहाळ झाला तरी बिघडले नसते, आणि एक चोरीस गेला तरी भय नव्हते.

८. मृत्युपत्रात काय लिहावे, काय लिहू नये

किल्ली हाती असणे निराळे व हक्क असणे निराळे. आपल्याकडे क्रिप्टोकरन्सी हे कायदेशीर चलन नाही. तथापि २०२२ च्या वित्त कायद्याने तिच्या हस्तांतरावरील नफ्यास ३० टक्के कर लावला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती मालमत्ता असल्याचे म्हटले. यासाठी खरेदीची कागदपत्रेही वारसांसाठी जपावीत.

हिंदू व्यक्तीने मृत्युपत्र केले नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे पुरुषाची मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली व आई यांच्याकडे प्रथम जाते. मृत्युपत्र करावयाचे तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, परंतु उपयुक्त आहे. मात्र १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे नोंदविलेल्या मृत्युपत्राची नक्कल करणाराच्या मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कोणासही मिळू शकते. म्हणून मृत्युपत्रात बीजशब्द कदापि लिहू नयेत. कोणाला काय द्यावयाचे ते मृत्युपत्रात लिहावे. कोठे व कसे शोधावयाचे ते निराळ्या पत्रात, सोप्या मराठीत लिहावे. आणि शब्द या दोहोंपासून दूर ठेवावेत. पत्र दरवर्षी एकदा, दसरा-दिवाळीच्या सुमारास, तपासून दुरुस्त करावे.

आता आईच्या प्रश्नाकडे परत येऊ. बँकेत जाऊन मागावे असे येथे काही नाही. परंतु खणातील उपकरणाशेजारी पत्नीच्या नावाचे एक पत्र असते, तर तिला कोणाकडे मागावेच लागले नसते. ते पत्र लिहिण्यास एक संध्याकाळ पुरते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. उपकरण जळाले तरी बिटकॉइन नष्ट होत नाही, असे का म्हणतात?

२. एका रेषेवरील दोन वाटे असे आहेत : पहिल्या पावलावर उंची ९, तिसऱ्यावर १९. रहस्य कोणते?

३. तीन शब्द हरवले असून त्यांच्या जागा माहीत आहेत. किती शक्यता तपासाव्या लागतील?

४. बीजशब्द देवनागरीत लिहून ठेवण्यात कोणता धोका आहे?

५. आपल्या घरातील महत्त्वाचे कागद कोठे आहेत, हे घरातील किती जणांना माहीत आहे? वडीलधाऱ्यांशी बोलून पाहा.